आधी गोडं पाणी

मी आणि माझा भाचा दोन बाजूंच्या कड्यांना धरून पेटी उचलायला गेलो आणि पेटीचा तळ जमिनीवरच राहिला. वरचा सांगाडा आमच्या हातात आणि खाली लाल-काळ्या पापुद्र्यांचा एक चौकोन. त्यावर कानशी, छिन्न्या, पाने पडलेले आणि कोपऱ्यात वाळून दगड झालेला गाळ. आई दारातून बघत होती. "सांगत होते, भंगारवाल्याला देऊन टाक म्हणून," एवढंच बोलून ती आत गेली.

ही बाबांची हत्यारांची पेटी. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, उंची सव्वा फूट. झाकणाखाली उचलून काढायचा ट्रे आणि त्याच्या खाली दोन खण. वीस गेजचा पत्रा, म्हणजे जाडी एक मिलिमीटरलाही थोडी कमीच. बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, फिटर होते. पाळी सुटल्यावर थांबून, पत्रा वाकवून, रिव्हेट मारून त्यांनी ही पेटी स्वतः घडवली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या कित्येकांना पुन्हा साच्यासमोर उभं राहता आलं नाही. बाबा त्यांतलेच एक. आम्ही नालासोपाऱ्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा ही पेटी विरार लोकलच्या सामानाच्या डब्यातून आली. एक कडी बाबांच्या हातात होती, दुसरी शेजारच्या काकांच्या. पुढे बाबांना गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात काम लागलं आणि पेटी तिथे गेली. निवृत्तीनंतर ती आमच्या तळमजल्याच्या घरी, मागच्या गॅलरीत येऊन बसली.

बाबा गेल्यावर तिला कुणी हात लावला नाही. मग जुलै २०१८ चा पाऊस आला. त्या दिवसांत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वसईच्या मिठागरातल्या वस्तीत अडकलेल्या माणसांना मदत पोहोचवावी लागली. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. त्या पाण्यात गटार होतं, नाला होता आणि भरतीला खाडीतून आत शिरलेला खारही होता. आम्ही गाद्या वाचवल्या, कागदपत्रं वाचवली, फ्रीज टेबलावर चढवला. पेटी तशीच पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर ती पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लोखंड का गंजतं हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. घरातली ही पेटी मात्र वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर गंजत होती आणि मला ती दिसत नव्हती. यंदा मेमध्ये तळ हातातून निसटला तेव्हा दिसली. तेव्हाच ठरवलं, खंडेनवमीपर्यंत पेटी उभी करायची.

दोन रकाने

सगळ्यात आधी झाकण उघडावं लागलं. बिजागरीची लांब पट्टी गंजून एकजीव झाली होती. दोन दिवस तिच्यावर डिझेल आणि मशीनचं तेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा मध्ये ठेवून हलक्या हातोडीने ठोकलं, तेव्हा झाकण करकरत वर आलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांचं अक्षर होतं. पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने लिहिलेले दोन रकाने. डावीकडे १/४, ५/१६, ३/८, ७/१६, १/२. उजवीकडे ६-७, ८-९, १०-११, १२-१३, असं करत २०-२२ पर्यंत. ही पान्यांची यादी. डावा रकाना इंची पान्यांचा, गिरणीतल्या इंग्लंडहून आलेल्या जुन्या साच्यांच्या नट-बोल्टांसाठी. उजवा मिलिमीटरच्या पान्यांचा, वसईच्या गाळ्यातल्या मशीनींसाठी. डाव्या रकान्याचा पांढरा रंग पिवळा पडलेला, उजव्याचा जरा उजळ. एका माणसाचं उभं आयुष्य त्या दोन रकान्यांत मावलं होतं आणि मधल्या दोन बोटांच्या जागेत संप होता. उजवीकडे १०-११ च्या पुढे एक छोटी फुली होती. तो पाना कुणीतरी नेलेला असणार आणि परत आलेला नसणार.

आतली हत्यारं काढली. इंची पाने त्यांतल्या त्यात बरे निघाले, कारण ते वरच्या ट्रेमध्ये तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते. गाळ्यात त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, तरी बाबांनी त्यांना शेवटपर्यंत तेल लावलं होतं. खालच्या खणातल्या कानशी, गुण्या, टॅप, पंच मात्र एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झाला होता.

झाकण बघितल्यावर कामाची दिशा बदलली. तोवर पेटी नवी करायची असं डोक्यात होतं. आता काय काढायचं आणि काय राहू द्यायचं, हे आधी ठरवणं भाग होतं. गंज काढायचा. अक्षर राहू द्यायचं. पोचे राहू द्यायचे. डाव्या कुशीवर रिव्हेटांच्या सरळ ओळीत एकच रिव्हेट अर्धा सेंटिमीटर खाली घसरलेला आहे. चुकला असेल किंवा भोक पाडताना ड्रिल सरकलं असेल. तोही राहू द्यायचा.

पाचूबंदरचा सल्ला

माझी तयारी पुस्तकी होती. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, प्रायमर, रंग अशी यादी करून ठेवली होती. त्याच सुमारास जूनमध्ये कामानिमित्त वसईच्या पाचूबंदरला जाणं झालं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि डागडुजी चालू असते. एक वयस्क कोळी काका इंजिनाचे भाग पाण्याने धूत बसले होते. त्यांना पेटीचं सांगितलं.

हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "बाय, आधी गोडं पाणी. मंग बाकी सगला."

मी फळ्यावर जे समीकरण मांडते त्याचं सार या मोजक्या शब्दांत होतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही लागतात. त्यात मीठ मिसळलं की त्या ओलाव्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग वाढतो. मिठातला क्लोराइड गंजाच्या थराखाली, बारीक खड्ड्यांत जाऊन बसतो. वरून कितीही घासा, चकचकीत करा, रंग द्या, आतला क्लोराइड हवेतला दमटपणा ओढत राहतो. मग एका पावसाळ्यानंतर रंगाला फोड येतात, फोडाखाली पुन्हा लाल पाणी. वसईत गेटं, ग्रिलं, जिने दर दोन वर्षांनी रंगवूनही का सडतात याचं उत्तर बहुतेक वेळा रंगाच्या डब्यात नसतं. रंगाखाली राहून गेलेल्या मिठात असतं. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, मध्ये मिठागरं. आपल्याकडे हवासुद्धा खारट.

मग मी गोड्या पाण्याच्या मागे लागले. आमच्या भागात बोअरचं पाणी खारट लागतं, ते उपयोगाचं नाही. पण जून-जुलैत वसईत गोड्या पाण्याला काय तोटा? गच्चीच्या पन्हळीखाली पिंप लावलं. पहिल्या पावसाने गच्ची धुऊन निघाली की पुढचं पाणी धरायचं. त्या पाण्यात खण, ट्रे, बिजागऱ्या, हत्यारं बुडवून ठेवायची आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं.

मीठ निघतंय की नाही हे कळायला प्रयोगशाळेतली जुनी परीक्षा केली. धुतलेलं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. पहिल्या दिवशीचं पाणी ताकासारखं पांढरं झालं. दुसऱ्या नळीत तुलनेला साधं पावसाचं पाणी होतं, ते जवळजवळ स्वच्छ. आठवड्यागणिक पहिली नळी निवळत गेली. जुलै संपता संपता दोन्ही नळ्या शेजारी धरल्या तर फरक ओळखू येईना. अकरावीतला भाचा हे रोज बघत होता. परीक्षेसाठी पाठ केलेली क्लोराइडची परीक्षा आता तो विसरणार नाही.

सोडा, सळ्या आणि बॅटरीचा चार्जर

छोट्या वस्तूंचा गंज काढायला सायट्रिक आम्ल पुरतं. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळतं. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम घालून रात्रभर ठेवलं की सकाळी गंज मऊ पडतो आणि ब्रशने निघतो. जास्त वेळ ठेवायचं नाही, नाहीतर आम्ल गंज संपवून लोखंडाकडे वळतं. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. बोथट झालेल्या कानशींना तर या आम्लाने थोडी धारही आली, कारण दातांमधली घाण निघून दात किंचित कोरले जातात.

पेटीचा सांगाडा मोठा, त्याला वेगळा उपाय हवा होता. गासला माझ्या मैत्रिणीची वाडी आहे. तिच्या केळींच्या कडेला, मांडवाखाली दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप ठेवलं. पावसाचं पाणी भरून त्यात किलोभर धुण्याचा सोडा विरघळवला. पिंपाच्या कडेने बांधकामाच्या चार जुन्या लोखंडी सळ्या उभ्या केल्या आणि मध्ये पेटी उभी टांगली. सळ्या आणि पेटी एकमेकांना टेकता कामा नये. गाडीच्या बॅटरीच्या चार्जरची ऋण तार पेटीला, धन तार सळ्यांना. चार्जर चालू केल्यावर थोड्याच वेळात पेटीच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले.

वीज इथे गंजण्याची क्रिया उलटी फिरवते. पेटीवरचा लाल गंज काळ्या, मऊ थरात बदलतो आणि सुटा होतो. झिजतात त्या सळ्या. शिवाय क्लोराइडला पेटीकडून सळ्यांकडे ओढ लागते, म्हणून समुद्रातून वर काढलेल्या जुन्या लोखंडी वस्तूंवरही संग्रहालयांत हीच पद्धत वापरतात. घरी करायची तर तीन पथ्यं आहेत. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा काम उघड्यावर करायचं आणि जवळ ठिणगी पडू द्यायची नाही. वस्तूला हात लावण्याआधी चार्जर बंद करायचा. आणि सळ्यांच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरायचं नाही, कारण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

सोड्याच्या पाण्यात जुना रंगही सैल झाला. त्या रंगाचीही काळजी घ्यावी लागते. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या, विशेषतः यंत्रांना देत त्या हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. म्हणून आम्ही कोरडं घासलं नाही. ओला पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक आणि निघालेला चिखल वेगळ्या डब्यात बंद.

तीन दिवसांनी पेटी बाहेर काढली. काळी साय ब्रशने धुऊन टाकली तेव्हा खालून राखाडी, उघडं लोखंड दिसलं. त्यावर बाबांच्या आखणीच्या सुईच्या रेघा होत्या. पत्रा कुठे वाकवायचा, भोक कुठे पाडायचं, हे आखलेलं. रंगाखाली इतकी वर्षं त्या कुणी पाहिल्या नसतील. घसरलेल्या रिव्हेटच्या जागीही रेघ बरोबर जागेवर होती. आखणी चुकली नव्हती, हात सरकला होता.

झाकण आम्ही पिंपात घातलंच नाही. त्याची बाहेरची बाजू हाताने घासली. आतली बाजू ओल्या कापसाने, वळणं चुकवत, बोटभर जागेला भरपूर वेळ देत पुसली.

गोखिवऱ्याचा गाळा

तळ नवा घालणं भाग होतं. वसई रोडला पूर्वेकडे उतरून शेअर रिक्षाने गोखिवऱ्याच्या रेंज ऑफिसला गेलं की तिथून वालीव, सातिवलीपर्यंत गाळ्यांची दुनिया सुरू होते. एका गाळ्यात प्रेसचा दणका, दुसऱ्यात लेथ, तिसऱ्यात प्लास्टिकचे साचे, चौथ्यात पॅकिंग. देशभर वापरल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तूंचे सुटे भाग इथे तयार होतात आणि त्यांवर वसईचं नाव कुठेच नसतं. बाबा याच रस्त्याने रोज जात.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका गाळ्यात पेटी नेली. मालक स्वतः मशीनवर उभा होता. त्याने सांगाडा उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ताई, हा कुणी केलाय? हाताचा वाक आहे हा, मशीनचा नाही." मी सांगितलं. मग त्याने वेल्डिंग नको म्हणून स्वतःच सांगितलं. इतका पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वेडावाकडा होतो, आणि सांध्यात जी फट राहते तिथे पुढे पाणी धरतं. त्याने वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापला, चारी कडा वर वाकवल्या, प्रायमर लावून आत बसवला आणि जुन्या भोकांच्या ओळीतच रिव्हेट मारले. डाव्या कुशीवरचा तो एक रिव्हेट बघून त्याने ड्रिल हातात घेतलं. "हा काढून लायनीत मारू?" मी नको म्हटलं. त्याने काही विचारलं नाही, ड्रिल खाली ठेवलं.

शेजारचा गाळा पावडर कोटिंगचा. तिथे सात टाक्या ओळीने मांडलेल्या असतात. वस्तूचा तेलकटपणा काढायचा, धुवायची, गंज काढायचा, पुन्हा धुवायची आणि मग फॉस्फेटच्या टाकीत बुडवायची. फॉस्फेटमुळे लोखंडावर एक बारीक, घट्ट धरून राहणारा थर बसतो. त्यावर रंग पक्का बसतो आणि गंजाची वाट अडते. त्या टाकीपाशी उभी असताना मला दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. सुमारे सोळाशे वर्षं तो उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला आहे. त्या काळच्या लोहारांच्या भट्टीतून जे सहज उतरलं, तेच इथल्या गाळ्यात रोज टाकी भरून केलं जातं.

पेटी पावडर कोटिंगला मात्र दिली नाही. त्यात वस्तू जवळपास दोनशे अंशांच्या भट्टीत जाते आणि झाकणावरचं अक्षर त्या भट्टीत टिकलं नसतं. आम्ही घरीच फॉस्फोरिक आम्लाचं मिश्रण सांगाड्याला लावलं, सुकू दिलं, मग रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात दिले. या प्रायमरला जो लाल रंग असतो तो लोखंडाच्याच ऑक्साइडचा, म्हणजे गेरूचा. गंजाचाच हा सख्खा भाऊ, फक्त स्थिर झालेला. पूर्वी जहाजांना आणि पुलांना शेंदराचा हात देत. आपण मारुतीला लावतो तोच शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. गंज थांबवण्यात तो पटाईत होता, पण त्यातल्या शिशामुळे मागे पडला.

गणपती गेल्यावर पावसाने चार दिवस उघडीप दिली. तीच संधी साधून बाहेरून हिरवा रंग दिला, पेटीच्या सांध्यात सापडलेल्या जुन्या रंगाशी जुळवून. झाकणाच्या आत रंग नाही. तिथे टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण मऊ फडक्याने लावलं. दोन्ही रकाने शाबूत आहेत. १०-११ पुढची फुलीही आहे. तो पाना मी मुद्दाम विकत घेतला नाही.

घंटा आणि पेटी

पेटीसोबत मला वसईच्या घंटाही आठवतात. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. ऊन-पाऊस सोसत त्या अजून धड आहेत. कांस्यावर जो हिरवट थर येतो तो धातूला घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेच्या तोंडी देतो. कांस्याला माणसं विसरली तरी ते निभावून नेतं. लोखंडाला कुणीतरी रोज हात लावणारं लागतं.

बाबा दर रविवारी सकाळी पेटी उघडून बसायचे. काही दुरुस्त करायचं नसलं तरी. एकेक हत्यार काढायचं, तेलाच्या बोळ्याने पुसायचं, परत ठेवायचं. आईला तो वेळेचा अपव्यय वाटायचा, मला लहानपणी त्या तेलाचा वास आवडायचा. पेटीला गंज धरला तो २०१८ च्या पुरात, असं मी इतकी वर्षं मानत होते. पूर दोन दिवसांचा होता. रविवार मात्र त्याच्या आधीपासून चुकले होते आणि नंतरही चुकत राहिले. कुठल्याही एका रविवारी आमच्यातल्या कुणी बादलीभर गोड्या पाण्याने पेटी धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवला असता तर तळ हातात राहिला असता.

खंडेनवमीच्या सकाळी पेटी बैठकीच्या खोलीत, चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे लादीची ओल लागणार नाही. आत कापराची वडी आणि सिलिका जेलच्या पुड्या. ट्रेमध्ये डाव्या बाजूला इंची पाने, उजवीकडे मिलिमीटरचे, झाकणावरच्या यादीप्रमाणे. भाच्याने शेगड्यात धरून एका छिन्नीची धार नव्याने काढली होती, ती सगळ्यात वर ठेवली. आईने हळद-कुंकू वाहिलं, झाकणावर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं, हात जोडले. मे महिन्यातल्या भंगाराचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा आई पेटीपाशी बसली होती. पूजेची फुलं दुसऱ्या दिवशी सकाळीच काढायची असा तिचा नेम. पण तिने झेंडू उचलून ताम्हनात ठेवला होता, झाकणावर फुलाच्या देठाचा ओलसर डाग पडला होता आणि ती ट्रेमधला तेलाचा बोळा घेऊन तो पुसत होती.

"ओलं राहिलं तर परत धरेल," ती म्हणाली, आणि बोळा घडी करून बाबा ठेवायचे त्याच कोपऱ्यात ठेवला.